कलिंगडातही थीटा दिसला: ईईजी सर्किटातल्या मेन्स नॉईजचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

उत्तर गोव्यात जांभ्या दगडाच्या सड्यावर एक कॉलेज आहे, तिथली इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाची दोन मुलं, एक मुलगा एक मुलगी, आणि त्यांच्या गाईड मॅडम. नावं मुद्दाम देत नाही, पण त्यांना विचारून आणि त्यांच्या वहीतले आकडे बघूनच हे लिहितोय. माझं काम इन्स्ट्रुमेंटेशनचं, मॅडमची ओळख जुनी, त्यामुळे शिगम्याच्या सुट्टीनंतर त्यांचा फोन आला की पोरांचं सर्किट चालतंय पण मला त्यावर विश्वास बसत नाहीये, जरा येऊन बघाल का.

प्रोजेक्ट ऐकायला सोपा होता. माणसाने डोळे मिटले की डोक्याच्या मागच्या बाजूला ८ ते १३ हर्ट्झच्या अल्फा लहरी वाढतात, त्या ओळखायच्या आणि त्यावर एक दिवा लावायचा. हात हलवता न येणाऱ्या माणसाला डोळे मिटून बेल वाजवता यावी, हा हेतू. हान्स बर्गर या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाचा ईईजी, म्हणजे टाळूवरून घेतलेला मेंदूतल्या विजेचा आलेख, पहिल्यांदा नोंदवला आणि १९२९ मध्ये तो छापला तेव्हापासून ही अल्फा लहर माहीत आहे, म्हणजे नवीन काही शोधायचं नव्हतं, फक्त नीट मोजायचं होतं. आणि सगळी अडचण त्या नीट मोजण्यातच असते, कारण टाळूवरून मिळणारा सिग्नल १० ते १०० मायक्रोव्होल्टचा आणि आजूबाजूच्या भिंतीतून धावतंय २३० व्होल्ट.

सर्किट असं होतं. तीन इलेक्ट्रोड: एक डोक्यामागे उजवीकडे ओ२ च्या जागी, एक कानाच्या पाळीला आणि एक ग्राउंड म्हणून कपाळावर. पुढे एडी६२० हा इन्स्ट्रुमेंटेशन अँप्लिफायर, त्याचा गेन रेझिस्टर १०० ओहमचा म्हणजे गेन (सिग्नल किती पट मोठा होतो तो आकडा) जवळजवळ ४९५. मग ३९ किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा साधा आरसी लो-पास फिल्टर, जो ४० हर्ट्झच्या आसपासून वरचं कापायला लागतो, मग अजून दहापट गेन, मग आर्डुइनो या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाचा १० बिटचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचे आकडे करणारा भाग, आणि तिथून यूएसबीने लॅपटॉपवर. सॅम्पलिंग, म्हणजे सिग्नलची मोजणी, सेकंदाला १२८ वेळा. हा १२८ आकडा कुठून आला विचारलं तर इंटरनेटवरच्या कोडमध्ये तोच होता, एफएफटीला (सिग्नलमधल्या फ्रिक्वेन्सी वेगळ्या काढायच्या गणिताला) बरा पडतो म्हणून ठेवला.

अडचण

सुरुवातीला स्क्रीनवर ५० हर्ट्झशिवाय, म्हणजे मेन्सच्या (घरच्या विजेच्या) नॉईजशिवाय, काहीच नव्हतं. इनपुटच्या हिशोबात टोकापासून टोकापर्यंत साधारण ७५० मायक्रोव्होल्ट, आणि त्यात अल्फा शोधायची ती तीसेक मायक्रोव्होल्टची. मधेच कधी ट्रेस एकदम सपाट व्हायचा, ते कारण वेगळं होतं, इलेक्ट्रोड आणि त्वचेच्या मध्ये तयार होणारा डीसी व्होल्टेज दोन्ही बाजूंना सारखा नसतो, दहा-वीस मिलिव्होल्टचा फरक सहज पडतो आणि त्याला ४९५ ने गुणलं की अँप्लिफायर सप्लायला जाऊन चिकटतो.

मुलांनी यावर जे केलं ते बहुतेक सगळे करतात. आधी ४७ किलोओहम आणि ६८ नॅनोफॅरडचा ट्विन-टी नॉच (एकच फ्रिक्वेन्सी कापणारा फिल्टर) लावला, कागदावर तो ४९.८ हर्ट्झला बसतो पण दहा टक्के टॉलरन्सच्या कपॅसिटरवर तो प्रत्यक्षात कुठे बसेल याची खात्री नाही, त्यांचा ४६ च्या आसपास बसला होता. मग तो काढून सॉफ्टवेअरमध्ये ५० हर्ट्झचा नॉच टाकला. ट्रेस एकदम स्वच्छ दिसायला लागला. स्पेक्ट्रममध्ये ५० ला खड्डा, आणि ६ हर्ट्झला एक छान टोकदार पीक, एक छोटा पीक २२ ला.

६ हर्ट्झ म्हणजे मेंदूच्या लहरींमधला थीटा बँड, अल्फाच्या खालचा. मुलं खूश झाली, रिपोर्टमध्ये "रिलॅक्स अवस्थेत थीटा वाढलेला दिसतो" असं वाक्य पण लिहून झालं होतं. मॅडमना शंका आली ती एवढ्यावरून की डोळे उघडे असोत की मिटलेले, गणितं करायला सांगा की गाणं ऐकवा, तो पीक जागचा हलत नव्हता आणि उंचीही बदलत नव्हती. जिवंत माणसाच्या डोक्यातून येणारी लहर इतकी शिस्तीची नसते.

पहिला निर्णय: हा पीक डोक्यातला आहे का

सबमिशन जवळ आलेलं. एक मार्ग असा होता की थीटाचं वाक्य काढून टाकायचं, फक्त ८ ते १३ चा बँड बघायचा आणि पुढे जायचं. मुलगा त्याच मताचा होता, आणि वेळेचा विचार केला तर त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण मला वाटलं की जो पीक कुठून आला ते माहीत नाही तो उद्या ८ ते १३ मध्येही येऊन बसू शकतो, तेव्हा आधी त्याचा उगम शोधू.

डोक्याऐवजी काहीतरी लावून बघायचं ठरलं. याला खरं तर तीन रेझिस्टरची चांदणी पुरते, प्रत्येकी पाच किलोओहम, पण मॅडमच्या घरून त्या दिवशी पर्रा गावचं कलिंगड आलेलं होतं आणि कलिंगड हे डोक्याचं मॉडेल म्हणून खरोखर वापरतात, आत पाणी आणि क्षार, बाहेर जाड साल. सालीवरचा मेणासारखा थर स्क्रब जेलने घासून काढला, तिन्ही इलेक्ट्रोड त्याच अंतरांवर पेस्ट लावून बसवले, कलिंगड त्याच खुर्चीवर ठेवलं. स्क्रीनवर ५० ला खड्डा, ६ हर्ट्झला पीक. उंची थोडी कमी, पण जागा तीच.

आता खोलीत शांतता पसरली. मुलगी उठून पंखा थोडा कमी करायला गेली कारण पेस्टवर वारं लागत होतं, रेग्युलेटर पाचवरून दोनवर आणला आणि पीक दुपटीने वाढला. परत पाचवर, पीक खाली. तिथेच तिच्या लक्षात आलं, "काका, हे पंख्याचं आहे."

पंख्याचा रेग्युलेटर जुन्या इलेक्ट्रॉनिक पद्धतीचा, ट्रायॅकवाला. हा पंख्याला पूर्ण साईन वेव्ह देत नाही, प्रत्येक अर्ध्या सायकलचा एक तुकडा कापून उरलेला देतो, आणि असं कापलं की ५० बरोबर १५०, २५०, ३५० हर्ट्झ असे विषम हार्मोनिक (५० च्या विषम पटीतल्या लहरी) तयार होतात. फुल स्पीडला कापाकापी जवळजवळ नसते म्हणून हार्मोनिक कमी. हल्लीचे स्टेपवाले कपॅसिटर रेग्युलेटर हा त्रास देत नाहीत.

पण २५० हर्ट्झ ६ वर कसा दिसतो? सॅम्पलिंग १२८ चं आहे, म्हणजे त्याच्या निम्म्याच्या, ६४ हर्ट्झच्या, वरचं जे काही एडीसीपर्यंत पोचेल ते खाली दुमडून येणार. १२८ ची दुप्पट २५६, त्यातून २५० वजा केले की ६. आणि १५० मधून १२८ वजा केले की २२. दोन्ही पीकांचा हिशोब लागला. साधा आरसी फिल्टर २५० हर्ट्झला जेमतेम सहापट कमी करत होता, त्यामुळे पंख्याचा पाचवा हार्मोनिक बराचसा आत येत होता, आणि सॉफ्टवेअरमधल्या नॉचला तो दिसणारच नाही कारण तोपर्यंत तो ६ हर्ट्झ झालेला असतो. एकदा दुमडलं की ते परत उलगडता येत नाही.

खात्री करायला सॅम्पलिंग १२८ चं १३० केलं. पीक ६ वरून उडी मारून १० हर्ट्झवर गेला. दहा. अल्फाच्या बरोबर मधोमध. म्हणजे कोणी सहज १३० निवडलं असतं तर या यंत्राने कलिंगडाचे डोळे मिटलेत असं सांगून दिवा लावला असता, आणि माणूस झोपला काय जागा काय, बेल वाजतच राहिली असती. डोक्यातली खरी लहर सॅम्पलिंग बदललं म्हणून जागा बदलत नाही, ही कसोटी दोन मिनिटांत होते आणि ईईजीचं घरगुती सर्किट करणाऱ्या प्रत्येकाने ती केलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे.

दुसरा निर्णय: काय काय करता येईल

मग आम्ही फळ्यावर पर्याय लिहिले.

एक, सॅम्पलिंग वाढवून आणि चांगला लो-पास लावून, नॉच तसाच ठेवून मोकळं व्हायचं. यात दुमडण्याचा प्रश्न सुटतो पण ७५० मायक्रोव्होल्टचा ५० हर्ट्झ आत येतच राहतो. एडीसीची निम्मी जागा तोच खातो, आणि नॉच अरुंद ठेवला तर डोळ्याची उघडझाप झाली की तो बराच वेळ घंटेसारखा थरथरत राहतो. बरं, ४० हर्ट्झचा लो-पास ५० ला फक्त ६३ टक्क्यांवर आणतो, दुसऱ्या ऑर्डरचा ३५ हर्ट्झचा बटरवर्थ लावला तरी ४४ टक्के उरतो. अल्फा आणि मेन्स इतके शेजारी आहेत की फिल्टर फार काही करू शकत नाही.

दोन, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात त्या जाळीचा पिंजरा करून त्यात माणूस बसवायचा. विजेच्या क्षेत्राला हा चांगला उपाय आहे, पण ५० हर्ट्झच्या चुंबकीय क्षेत्राला जाळी काही करत नाही, आणि बेल वाजवायची गरज असलेला माणूस पिंजऱ्यात राहणार नाही.

तीन, ईईजीसाठीच बनवलेला एडीएस१२९९ चा बोर्ड आणायचा, २४ बिट, आठ चॅनेल, इलेक्ट्रोड सुटला की ओळखणारी सोय आणि शरीराला उलटा सिग्नल देणारा अँप्लिफायर आतच. पैसे आणि वेळ दोन्ही नव्हते. शिवाय मॅडमचं म्हणणं होतं की चांगली चिप वाईट वायरिंगला वाचवत नाही, आणि ते बरोबर आहे.

चार, मुलाने सुचवलं की कपाळाचा ग्राउंड सरळ सॉकेटच्या अर्थ पिनला जोडू, नॉईज पटकन जाईल. याला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं आणि का ते नीट सांगितलं, कारण हा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिला जातो. माणसाला अर्थला कमी रेझिस्टन्सने बांधलं की त्याचा हात कुठल्याही लीक होणाऱ्या वस्तूला लागला तर तो करंट त्याच्या डोक्यातून वाट काढणार. आणि अर्थ स्वतः शुद्ध असेल असं कोण म्हणतं? आपल्या सड्यावरचा जांभा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो, अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घातलं नाही तर अर्थ नावापुरता उरतो. त्या खोलीत न्यूट्रल आणि अर्थच्या मध्ये मीटरने ९ व्होल्ट दाखवले. ते बघून मुलाने स्वतःच फळ्यावरची ती ओळ पुसली.

पाच, नॉईज कुठल्या वाटेने येतोय ते एकेक करून शोधायचं, ती वाट बंद करायची आणि प्रत्येक वेळी नॉचशिवाय आकडा लिहायचा. यालाच सगळे तयार झाले. नॉच बंद ठेवायचा हा नियम मी आग्रहाने घातला, कारण ५० हर्ट्झची उंची हाच आपला मीटर आहे, नॉच लावून बसलो तर काय सुधारलं काय बिघडलं कळणारच नाही.

काय केलं

पहिला लॅपटॉप. दोन पिनचा अ‍ॅडॅप्टर लावून चार्ज होत होता. अशा अ‍ॅडॅप्टरच्या आत मेन्सची बाजू आणि डीसीची बाजू यांच्या मध्ये एक छोटा वाय कपॅसिटर असतो, त्याच्यामुळे लॅपटॉपचा ग्राउंड हवेत साधारण ११५ व्होल्ट एसीवर तरंगत असतो. लॅपटॉपच्या पत्र्यावर हलकं हात फिरवल्यावर झिणझिण्या येतात त्या याच्याच. हा ग्राउंड यूएसबीमधून सर्किटला, सर्किटमधून कपाळाच्या इलेक्ट्रोडला, तिथून शरीराला, आणि शरीर जमिनीशी काहीशे पिकोफॅरडने जोडलेलं. कपॅसिटर २.२ नॅनोफॅरड आणि शरीराचे ३०० पिकोफॅरड धरले तर या वाटेने १० मायक्रोअँपिअरच्या आसपास वाहतात, आणि अर्थ केलेल्या लोखंडी टेबलाला हात टेकला तर ८० पर्यंत. याच्या तुलनेत भिंतीतल्या वायरीतून हवेतल्या दोन-तीन पिकोफॅरडमधून शरीरात येणारा करंट फक्त ०.२ मायक्रोअँपिअर. म्हणजे खोलीला दोष देत होतो आणि पन्नासपट जास्त घाण आम्हीच वायरीने आणून डोक्याला लावली होती. सुरक्षेचा मुद्दा वेगळाच, वैद्यकीय उपकरणांच्या आयईसी ६०६०१ मध्ये बीएफ प्रकाराला (अंगाला लावायचा, अर्थपासून वेगळा ठेवलेला भाग) नेहमीच्या स्थितीत रुग्णाच्या अंगातून १०० मायक्रोअँपिअर ही मर्यादा आहे, आणि एका दोन पिनच्या अ‍ॅडॅप्टरने आपण तिच्या जवळ जाऊन उभे राहतो, तेही काहीच बिघडलेलं नसताना.

चार्जर काढला. ७५० चे एकदम २०० च्या खाली आले. पुढे कोणीतरी विसरून चार्जर लावणारच, म्हणून आर्डुइनो सुद्धा बॅटरीवर घेतला आणि लॅपटॉपशी वायरच ठेवली नाही, ब्लूटूथ मॉड्यूल लावलं. यूएसबी आयसोलेटरचाही विचार झाला होता, पण ब्लूटूथ मॉड्यूल कपाटात पडून होतं आणि शरीराला जोडलेल्या सर्किटाचा मेन्सशी धातूचा संबंधच उरत नाही हे मला जास्त आवडलं.

दुसरा इम्पीडन्स, म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्वचा यांच्या मधला अडथळा. इथे सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडचा रेझिस्टन्स साध्या मल्टिमीटरने मोजायचा नाही, तो डीसी करंट देतो, इलेक्ट्रोड पोलराईज होतो आणि आकडाही खोटा येतो. आम्ही मायक्रोकंट्रोलरच्या पिनवरून २० हर्ट्झचा एक व्होल्टचा सिग्नल १० मेगाओहममधून दिला, म्हणजे १०० नॅनोअँपिअर, आणि इलेक्ट्रोडवर किती मिलिव्होल्ट पडतात ते वाचलं. २ मिलिव्होल्ट म्हणजे २० किलोओहम, सोपा हिशोब. मुलीच्या डोक्यावर ओ२ ला ३५, कानाला १२, कपाळाला ४० किलोओहम.

या आकड्यांकडे बघूनच ७५० चा उलगडा होतो. कपाळाच्या ४० किलोओहममधून १० मायक्रोअँपिअर गेले म्हणजे सर्किटच्या ग्राउंडच्या तुलनेत अख्खं शरीर ०.४ व्होल्टने ५० हर्ट्झवर डोलतंय. हे दोन्ही इनपुटना सारखंच लागतं म्हणून अँप्लिफायरने खोडून काढायला हवं, आणि एडी६२० ते उत्तम करतो, दहाच्या गेनला १०० डेसिबलच्या आसपास, म्हणजे लाखपटीने. पण दोन इलेक्ट्रोडमध्ये २३ किलोओहमचा फरक आहे आणि प्रत्येक लीडची ग्राउंडशी शंभरेक पिकोफॅरड कपॅसिटी आहे, जी ५० हर्ट्झला साधारण ३२ मेगाओहम होते. त्यामुळे दोन्ही लीडवर विभागणी सारखी होत नाही, आणि ०.४ व्होल्टचा ३२ मेगाओहममधला २३ किलोओहमएवढा वाटा, म्हणजे अडीचशे-तीनशे मायक्रोव्होल्ट आरएमएस, टोकापासून टोकापर्यंत साडेसातशे-आठशेच्या घरात, खरा सिग्नल असल्यासारखा आत जातो. अँप्लिफायरचा यात काही दोष नाही, त्याच्यापर्यंत पोचायच्या आधीच घोळ झालेला असतो. महागडा अँप्लिफायर घेऊनही नॉईज जात नाही अशी तक्रार असते ना, तिथे बहुतेक वेळा हेच असतं.

३५ किलोओहम का, तर केसांना खोबरेल तेल. मुलीने सांगितलं रोज रात्री आई तेल लावून देते. दुसऱ्या दिवशी नुसत्या शाम्पूने केस धुऊन, कंडिशनर न लावता, पूर्ण सुकवून ये म्हटलं. कापसाच्या काडीवर स्क्रब जेल घेऊन केसांची भांग पाडून त्वचा हलकी घासली, रक्त येईल इतकी मुळीच नाही, उरलेलं जेल पुसलं, मग पेस्ट भरलेला इलेक्ट्रोड दाबून बसवला. आकडे ४, ३ आणि ५ किलोओहम. पेस्ट जास्त लावली की ती पसरते आणि शेजारच्या दोन इलेक्ट्रोडना जोडून टाकते, आपल्याकडच्या घामाने तर हे फार लवकर होतं, त्यामुळे बेतानेच. ५० हर्ट्झ ४० मायक्रोव्होल्टवर आला.

एप्रिलमध्ये पंखा बंद करून बसवणं शक्यच नव्हतं, घामाने बेसलाईन हळूहळू वर-खाली वाहायला लागते. म्हणून पंखा चालूच, पण फुल स्पीडवर.

तिसरा, लीड आणि जागा. उरलेल्या ४० मध्ये चुंबकीय किती ते ओळखायची युक्ती अशी की माणसाला न हलवता फक्त लीडचा फास हाताने आडवा-उभा करायचा. विजेच्या क्षेत्राला फासाच्या दिशेने फरक पडत नाही, चुंबकीयला पडतो. इथे खूपच पडला, एका कोनात जवळजवळ शून्य, दुसऱ्यात पूर्ण. मग रंगाच्या डब्याच्या २० सेंटिमीटरच्या झाकणावर एनॅमल वायरचे १०० वेढे घेऊन सर्च कॉईल केली, तिचा हिशोब सुबक बसतो, १ मायक्रोटेस्लाला साधारण १ मिलिव्होल्ट. मुलगी कॉईल आणि मीटर घेऊन खोलीभर फिरली. टेबल ज्या भिंतीला लावलेलं तिथे १.२, खोलीच्या मध्ये ०.१. भिंतीपलीकडे अख्ख्या मजल्याचा डिस्ट्रिब्युशन बोर्ड. टेबल मध्ये आणलं, ओ२ आणि कानाची लीड डोक्यापासून सर्किटपर्यंत एकमेकींत पिळून घेतली म्हणजे मधला मोकळा फास उरला नाही. ४० चे ८ झाले.

चौथा, ड्रिव्हन राईट लेग (नाव उजव्या पायाचं, पण आम्ही कपाळ वापरलं). शरीरावरचा कॉमन मोड, म्हणजे दोन्ही इनपुटना सारखाच लागणारा तो ५० हर्ट्झ, मोजायचा, उलटा करायचा आणि कपाळाच्या इलेक्ट्रोडमधून शरीराला परत द्यायचा. गेन रेझिस्टर आता दोन १.३ किलोओहमचे, म्हणजे पहिल्या टप्प्याचा गेन २०, त्यामुळे डीसी ऑफसेटने चिकटणंही थांबलं. त्यांच्या मधल्या बिंदूवरून बफर घेऊन उलटा अँप्लिफायर. शरीराकडे जाणारा रेझिस्टर ३३० किलोओहमचा, ९ व्होल्टची बॅटरी पूर्ण लागली तरी २७ मायक्रोअँपिअरच्या वर जाऊ नये म्हणून, आणि हा रेझिस्टर कुठल्याही कारणाने कमी करायचा नाही.

इथे एक बारकावा आहे जो सहसा लिहिलेला नसतो. नेहमीच्या आकृतीतला ३९ पट गेन घेतला तर ३३० किलोओहम अधिक इलेक्ट्रोड भागिले ४० म्हणजे आठेक किलोओहम परिणामी रेझिस्टन्स, आणि आपला कपाळाचा इलेक्ट्रोड तर सरळ जोडला तरी ५ चाच आहे! म्हणजे चांगल्या तयार केलेल्या त्वचेवर एवढ्या गेनचा फायदा शून्य, उलट तोटा. फायदा हवा तर ५० हर्ट्झला गेन शंभराच्या वर हवा. फीडबॅकमध्ये १ नॅनोफॅरड टाकून ३१८ पट केला तर बॅटरीवरच्या हँडहेल्ड स्कोपवर काही किलोहर्ट्झचं ऑसिलेशन दिसायला लागलं, लूप सुटला होता. २.२ नॅनोफॅरडवर शांत झाला, गेन १४५, परिणामी रेझिस्टन्स २.३ किलोओहम. ८ चे ३-४ मायक्रोव्होल्ट झाले. स्कोप बॅटरीवरचाच हवा, टेबलावरच्या स्कोपच्या प्रोबचा ग्राउंड अर्थला असतो आणि तो क्लिप केला की फळ्यावरून पुसलेला चौथा पर्याय मागच्या दाराने परत येतो.

शेवटी सॅम्पलिंग ५०० केलं, लो-पास दुसऱ्या ऑर्डरचा ३५ हर्ट्झचा. ६ आणि २२ चे पीक गेले.

निकाल

नॉच न लावता, मुलाच्या डोक्यावर, डोळे मिटले की साध्या ट्रेसवर १० हर्ट्झची लहर नुसत्या डोळ्यांना दिसली, आणि डोळे उघडले की गेली. सॅम्पलिंग ५०० चं ४८० करून बघितलं, लहर जागीच. त्या वेळी मुलगी खुर्चीत बसलेल्या मुलाला "मिट, उघड, मिट" सांगत होती आणि मॅडम स्क्रीनला अगदी नाक लावून बघत होत्या.

मुलीच्या स्वतःच्या डोक्यावर अल्फा फारच कमी आली. तिला वाटलं इलेक्ट्रोड नीट नाही, तीन वेळा इम्पीडन्स मोजला, ठीकच होता. काही निरोगी माणसांत अल्फा मुळातच कमी असते, हे तिला सांगितलं. पण यातून प्रोजेक्टचा एक गंभीर प्रश्न पुढे आला, की ज्याला बेल हवी त्याचीच अल्फा कमी असेल तर? तो त्यांनी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिला, आणि थीटाचं वाक्य काढून त्या जागी कलिंगडाचा स्पेक्ट्रम छापला, शेजारी पंख्याचा स्पीड लिहून. परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्याच पानावर घालवला असं मॅडम म्हणाल्या.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम. लॅपटॉपचा चार्जर काढणं फुकट आहे आणि एका सेकंदाचं काम आहे, ते ट्विन-टीच्या आधी व्हायला हवं होतं. त्यानंतर डमी, म्हणजे रेझिस्टरची चांदणी किंवा कलिंगड, डोक्याला हात लावायच्या आधी. डमीवर जे जे दिसतं ते डोक्यातलं नाही हे लिहून भिंतीवर लावायचं आणि मगच माणूस बसवायचा.

इम्पीडन्स प्रत्येक रेकॉर्डिंगच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा लिहायला हवा. आमच्याकडे आधीचे आकडे आहेत, नंतरचे सगळीकडे नाहीत, त्यामुळे अर्ध्या तासाच्या रेकॉर्डिंगमध्ये शेवटी शेवटी ५० हर्ट्झ जो वाढलेला दिसतो तो पेस्ट सुकल्यामुळे की घामामुळे, हे आता सांगता येत नाही.

ड्रिव्हन राईट लेगवर बराच वेळ गेला आणि त्याने ८ चे ४ केले. सबमिशनच्या दृष्टीने तो नसता तरी चाललं असतं. पण वापरणाऱ्याच्या घरी कोणी दर वेळी त्वचा घासून ५ किलोओहम करून देणार नाही, तिथे कपाळाला ३०-४० येणारच आणि तिथे हाच लूप उपयोगी पडेल, म्हणून मला तो वेळ वाया गेला असं वाटत नाही. मॅडमचं मत वेगळं आहे, त्यांच्या मते तेवढ्या वेळात लीडना शिल्ड करून झाल्या असत्या. पिळलेल्या लीड चालताना-हलताना मोकळ्या होतात, हे त्यांचं म्हणणं मला मान्य आहे.

नॉचबद्दल आमच्यात शेवटपर्यंत एकमत झालं नाही. मुलाने दाखवण्याच्या स्क्रीनवर तो ठेवला, फाईलमध्ये साठवलेला डेटा मात्र नॉचशिवायचा. पुढच्या वर्षीच्या बॅचला तीच फाईल, सर्च कॉईल आणि त्या खोलीचा मायक्रोटेस्लाचा नकाशा दिलेला आहे, आणि पंख्याचा रेग्युलेटर बदलायचा अर्ज ऑफिसात गेलाय.